दुःख ओसरत नाही तेव्हा

(सामुदायिक रेडिओवर महिलांच्या कार्यक्रमात झालेलं हे बोलणं. गटाच्या बैठकीत एकीनं वाचावं आणि बाकीच्यांनी ऐकावं, म्हणून बोलीतलंच ठेवलं आहे.)



आजचा विषय जड आहे. ऐकताना डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या. हातातलं काम बाजूला ठेवावंसं वाटलं तर ठेवा. आणि फारच जीव घाबरला तर उठून शेजारणीकडे जाऊन बसा. राहिलेलं मागाहून ऐकता येईल.

मी आरोग्य खात्यात परिचारिका आहे. पण आज सुरुवात दवाखान्यातून करणार नाही, माझ्या काकूपासून करणार आहे.

३० सप्टेंबर १९९३. लातूर-उस्मानाबाद भागातल्या बायांना ही तारीख सांगावी लागत नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गाव उशिरा झोपलं होतं. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारीच्या आसपास भुई हलली. आमच्याकडची घरं दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर मातीचं जड माळवद. ती झोपलेल्या माणसांवर बसली. सुमारे आठ हजार माणसं गेली. काही जण आकडा याहून मोठा सांगतात.

त्या रात्री काका शेतात राखणीला होते. काकू अंगणात झोपली होती. तिची दोन्ही लेकरं, नऊ वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा, आईजवळ झोपायचं म्हणून बाहेर आली होती. काकूनं त्यांना परत पाठवलं. म्हणाली, “बाहेर गार हाय, आत जा आजीजवळ.” सकाळी आत कुणीच उरलं नव्हतं.

ती मुलगी माझ्याच वयाची होती. आम्ही एका पाटीवर लिहायचो.

त्यानंतर गाव नव्या जागी वसलं. पत्र्याच्या शेडमधून लोक पक्क्या घरांत गेले, शेती पुन्हा उभी राहिली, काही घरांत नवी लेकरं झाली. काकू मात्र त्याच पहाटेत राहिली. लेकरांचे शाळेचे कपडे तिनं ट्रंकेत ठेवले होते. दर वर्षी गणपतीच्या आधी ती ते उन्हात घालायची आणि संध्याकाळी घडी करून परत ठेवायची. जेवायला वाढताना दोन ताटं जास्त घ्यायची आणि मग भानावर येऊन उचलायची. जुन्या गावाच्या वाटेला ती कधी गेली नाही, बाजारला जाताना लांबून वळसा घालायची. छताखाली झोपायची नाही. थंडीत सुद्धा अंगणात. अशी सात वर्षं गेली. लोक म्हणायचे, हिला बाहेरचं काहीतरी लागलंय. दोनदा देवऋष्याकडे नेलं. अंगारा लावला, लिंबं उतरवली. फरक पडला नाही, कारण तिला कुणी झपाटलेलं नव्हतं. तिला दुःख झालं होतं, आणि ते ओसरत नव्हतं.

आज त्याच दुःखाबद्दल बोलायचं आहे.

नेहमीचं दुःख कसं असतं

घरातलं माणूस गेलं की दुःख होणारच. तो आजार नाही. जिथं माया होती तिथंच दुःख असतं. भूक मरते, झोप उडते, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं. दारात चप्पल वाजली की तेच आले असं वाटतं. गर्दीत पाठमोरा माणूस दिसला की काळीज लकाकतं. काही बायांना गेलेल्या माणसाचा आवाज ऐकू आल्यासारखा होतो. घाबरू नका. पहिल्या काही महिन्यांत हे खूप जणींना होतं.

हे दुःख पाण्याच्या लोंढ्यासारखं येतं. येतं तेव्हा बुडतो की काय असं वाटतं, मग ओसरतं. सुरुवातीला दिवसातून दहा वेळा येतं. पुढे पुढे दोन लोंढ्यांमधलं अंतर वाढत जातं. संपत नाही, पण मध्ये श्वास घ्यायला जागा होते.

आपल्या जुन्या माणसांना हे माहीत होतं. म्हणून तर मयताच्या घरात चूल पेटत नाही, भाकरी शेजारून येते. दहाव्याला, तेराव्याला माणसं जमतात. दुखवटा काढायला माहेरची माणसं येतात, लेकीला चार दिवस घेऊन जातात. वर्षश्राद्धापर्यंत त्या घरात सण करत नाहीत. यात काही रिवाज जाचाचे आहेत, त्यावर पुढे बोलूच. पण मुळात दोन गोष्टी शहाणपणाच्या आहेत: दुःखातल्या माणसाला एकटं सोडायचं नाही, आणि त्याला वेळ द्यायचा.

आणखी एक गोष्ट आहे. मार्गारेट स्ट्रोब आणि हेन्क शूट या दोन अभ्यासकांनी १९९९ मध्ये दुःखाविषयी एक साधी गोष्ट मांडली. सावरणारं माणूस सारखं रडत नाही आणि सारखं कामातही राहत नाही. ते या दोन्हींत जा-ये करतं. सकाळी फोटोसमोर बसून रडतं, दुपारी खुरपायला जातं, तिथं कुणाच्या तरी बोलण्यावर हसतं, आणि रात्री पुन्हा रडतं. आपली दिवसभर घर आणि शेत अशी जा-ये असते ना, तशीच ही. म्हणून नवरा जाऊन महिना झालेली बाई कामावर हसताना दिसली, तर “हिला काहीच वाटत नाही” असं म्हणू नका. ती जा-ये करते आहे. तेच निरोगी लक्षण आहे.

आणि ओसरतच नाही तेव्हा

काही माणसांची ही जा-ये बंद पडते. पाणी एकाच जागी साचून राहतं. याला डॉक्टर ‘दीर्घकाळ लांबलेलं दुःख’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या आपल्या नव्या यादीत त्याची वेगळी नोंद केली आहे. ती यादी २०२२ पासून लागू झाली. सहा महिन्यांहून जास्त काळ, आणि त्या समाजाच्या रीतीनुसार जेवढा दुखवटा असतो त्याहून बराच जास्त काळ दुःख तितकंच तीव्र राहिलं आणि रोजचं जगणं अडलं, तर ते लांबलेलं दुःख. अमेरिकेतले डॉक्टर मोठ्या माणसांसाठी एक वर्ष आणि मुलांसाठी सहा महिने धरतात. आपल्याकडे वर्षश्राद्धापर्यंत दुखवटा असतो, तेव्हा वर्षाची खूणगाठ आपल्यालाही समजायला सोपी आहे.

त्याची लक्षणं सांगते.

गेलेल्या माणसाची ओढ दिवसभर, जवळजवळ रोज, तेवढीच तीव्र असते. मनात दुसरा विषय टिकत नाही. “तो गेला” हे वर्ष उलटलं तरी खरं वाटत नाही. त्याची आठवण देणारी जागा, वस्तू, माणसं टाळली जातात. किंवा उलट, त्या वस्तूंना सोडवतच नाही. “माझा अर्धा भाग त्याच्याबरोबर गेला, आता मी कोण?” असं वाटतं. राग, कडवटपणा, अपराधीपणा निवत नाही. काहींना काहीच जाणवत नाही, अंग बधिर झाल्यासारखं मन बधिर होतं. माणसांत असूनही एकटं वाटतं. जगण्यात राम उरत नाही.

यातली एखादी गोष्ट कधीतरी होणं वेगळं. यातल्या पुष्कळ गोष्टी रोज, महिनोन् महिने होणं वेगळं.

हे किती जणांना होतं? वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा, जवळचं माणूस गेलेल्या दहांपैकी साधारण एकाला असं होतं असं दिसलं. मरण अचानक, हिंसेनं किंवा अपघातानं आलं असेल, मूल गेलं असेल किंवा माणसानं स्वतः जीव दिला असेल, तर हे प्रमाण वाढतं. म्हणजे तुमच्या गटात किंवा तुमच्या गल्लीत अशी एखादी बाई असणारच. ती वेडी नाही, मनानं दुबळी नाही, आणि मुद्दाम करत नाही.

आघातानं आलेलं दुःख का अडतं

म्हातारं माणूस आजारानं जातं तेव्हा मनाला थोडी तयारी असते. हातून पाणी पाजलेलं असतं, पाय चेपलेले असतात. पण विहिरीत पडून, वीज पडून, सर्प चावून, गाडीखाली, पुरात, भूकंपात माणूस जातं तेव्हा निरोपच होत नाही. किल्लारीच्या वेळी कितीतरी जणांवर सामुदायिक अंत्यसंस्कार झाले. आमच्या काकूला लेकरांचं तोंड कुणी पाहू दिलं नाही. “बघवणार नाही तुला,” म्हणाले. चांगल्या मनानंच म्हणाले. पण पुढे सात वर्षं तिच्या मनात एक बारीकसं “कदाचित” शिल्लक राहिलं.

दुसरं कारण भीती. अशा मरणात दुःख आणि भीती एकमेकींत गुंततात. लेकरू आठवायला गेलं की पाठोपाठ तो आवाज, ती धूळ, ती किंकाळी येते. मग मन आठवणीच्या वाटेलाच जात नाही. लांबून वळसा घेतं, काकू जशी जुन्या गावाला घ्यायची. पण वाईट आठवण टाळताना चांगल्या आठवणीही मागेच राहतात. लेकराचं हसणं, त्याचे हट्ट, काहीच हाती लागत नाही.

तिसरं कारण “मी तसं केलं असतं तर.” मी त्या दिवशी त्यांना एकटं सोडलं नसतं तर. फोन उचलला असता तर. फवारणीचं औषध कुलपात ठेवलं असतं तर. नवऱ्यानं जीव दिलेल्या बाईच्या मनात हे “तर” घाण्याच्या बैलासारखं फिरत राहतं, आणि भोवतीचे लोक त्याला आणखी टोचणी देतात. “हिनंच काहीतरी म्हटलं असेल.” “पांढऱ्या पायाची.”

चौथं कारण कागद. अचानक मरण आलं की पंचनामा, शवविच्छेदन, पोलीस पाटील, तलाठी, बँक, वारसनोंद हे सगळं तेराव्याच्या आत दारात येतं. पदरानं डोळे पुसत बाई सह्या करते. तिला रडायला फुरसतच मिळत नाही, आणि ते रडणं आत साचतं.

पाचवं कारण आपल्या रूढी. आधीच उन्मळून पडलेल्या बाईच्या हातातल्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, जोडवी काढायची, आणि हळदीकुंकवातून तिला कायमची वगळायची. “माझा नवरा गेला, आता मी कोण?” हा प्रश्न तिला पडलेला असतो, आणि गाव त्याचं उत्तर देतं, “तू कुणी नाहीस.” मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव करून या प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तसंच करायचं आवाहन केलं. आपल्या गावात असा ठराव झालाय का, आणि झाला असेल तर पाळला जातो का, एवढं तरी विचारायला हवं.

स्वतःसाठी काय करता येतं

काकूकडे परत येते. नव्या गावात महिला मंडळाचं काम सुरू झालं होतं. भूकंपानंतर घरं बांधायच्या कार्यक्रमात सरकारनं गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं होतं, हे अनेकींना आठवत असेल. घर कसं बांधलं जातंय, पैसे कुठे अडलेत, हे त्या दारोदार जाऊन बघायच्या आणि सांगायच्या. त्यांतल्या बऱ्याच जणींनी स्वतःची माणसं गमावली होती. अशीच एक बाई काकूकडे येऊ लागली. तिचा मुलगा गेला होता. ती उपदेश करायची नाही. शेंगा फोडत बसायची.

तिनं काकूला एकदा विचारलं, “त्या राती तुला ठाऊक होतं का, भुई हलणार म्हणून?”

“नाही.”

“मग काय ठाऊक होतं?”

“बाहेर गार वारं होतं. पोरीला खोकला होता.”

“मग पोरीला खोकला असताना आईनं काय करावं?”

काकू म्हणाली, “आत पाठवावं.” आणि मग सात वर्षांत पहिल्यांदा मोकळी होऊन रडली.

मैत्रिणींनो, हाच पहिला उपाय आहे. अपराधीपणा छळत असेल तर स्वतःला विचारा: त्या घडीला मला काय माहीत होतं? आज जे माहीत आहे त्याच्यावरून त्या दिवशीच्या स्वतःला दोष देऊ नका. आणि हे विचारायला शक्यतो दुसरं माणूस सोबत घ्या, कारण एकटं मन फिरून फिरून त्याच जागी येतं.

दुसरा उपाय, सांगा. विश्वासाच्या एका माणसाला काय घडलं ते सांगा. एका दमात नको, थोडं थोडं. आज सकाळपर्यंतचं, पुढच्या आठवड्यात पुढचं. सांगताना अंग थरथरलं, घाम फुटला तर थांबा, पाणी प्या, पाय जमिनीवर घट्ट टेका, भोवतालच्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं घ्या. पुन्हा पुन्हा सांगितल्यावर त्या आठवणीची धार हळूहळू बोथट होते.

तिसरा, टाळलेल्या जागेकडे पायरी पायरीनं जा. काकू आधी फक्त जुन्या गावाच्या फाट्यापर्यंत गेली, ती बाई सोबत होती. मग वेशीपर्यंत. अखेर एक दिवस घराच्या जागेवर. तिथं बाभळी माजल्या होत्या. काकू जोत्याच्या दगडावर बसली आणि तिनं लेकरांना मोठ्यानं हाका मारल्या. घाई करायची नाही, आणि कुणाला ओढून तर मुळीच न्यायचं नाही. ज्याचं दुःख त्यानंच पायरी ठरवायची.

चौथा, गेलेल्या माणसाला विसरायचं नाही, त्याला घरात जागा द्यायची. “आता विसर त्याला” असं लोक सांगतात. विसरणं हा उपाय नाही आणि ते जमतही नाही. त्याच्या नावानं झाड लावा. त्याची आवडती भाजी त्याच्या वाढदिवसाला करा. त्याची गोष्ट नातवंडांना सांगा. वस्तू ठेवायच्या की द्यायच्या हे तुम्ही ठरवा, दुसऱ्यांनी परस्पर उचलून टाकू नयेत.

पाचवा, अवघड दिवसांची आधी तयारी करा. वर्षातले काही दिवस घाव घालतात: पुण्यतिथी, पोळा, संक्रांत, दिवाळीतला पाडवा, मुलाच्या वर्गातल्या पोरांचा दहावीचा निकाल. त्या दिवशी कुठे असायचं, कुणासोबत असायचं, हे आठ दिवस आधी ठरवा.

सहावा, शरीर. दुःखात बाई सगळ्यात आधी स्वतःचं ताट सोडते. दोन वेळा थोडं तरी खा. सकाळी उन्हात चाला. बीपीच्या, शुगरच्या गोळ्या चालू असतील तर त्या बंद पडू देऊ नका. मिश्री, तंबाखू या काळात वाढते, लक्ष ठेवा. आणि झोपेची गोळी डॉक्टरांना न विचारता मेडिकलमधून आणू नका.

सातवा उपाय सगळ्यात अवघड. स्वतःला विचारा: दुःख थोडं हलकं झालं, तर मला काय करायला आवडेल? शिवण शिकायची, शेळ्या पाळायच्या, पंढरीला जायचं, काहीही. सुरुवातीला मन म्हणेल, काही नको. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारा. हे विचारणं म्हणजे गेलेल्याशी बेइमानी नाही.

घरातली बाकीची माणसं

एकाच घरातलं दुःख सगळ्यांना सारखं दिसत नाही. काकू रडायची, काका बोलेनासे झाले. ते पहाटे शेतात जायचे आणि अंधार पडल्यावर यायचे. काकूला वाटायचं, यांना काहीच नाही. काकांना वाटायचं, आपण रडलो तर हिला कोण बघणार. दोघं एका घरात राहून एकमेकांना पारखे झाले. पुरुषाचं दुःख कधी रागातून, कधी दारूतून बाहेर येतं. मारहाण आणि शिव्या सोसायच्या नाहीत, हे स्पष्ट आहे. पण गप्प बसलेल्या माणसाला “तुमच्या मनात काय आहे?” एवढं विचारून बघावं.

मुलांना खरं सांगा. “बाबा गावाला गेलेत”, “देवाघरी झोपलेत” असं सांगितलं तर लहान मूल वाट बघत राहतं, किंवा झोपायलाच घाबरतं. “बाबा वारले. म्हणजे त्यांचं शरीर बंद पडलं. ते परत येणार नाहीत. यात तुझी काही चूक नाही. तुला सांभाळायला मी आहे.” एवढ्या सोप्या शब्दांत सांगा. शेवटची दोन वाक्यं विसरू नका, कारण मुलं पुष्कळदा स्वतःलाच दोष देतात आणि कुणाला सांगत नाहीत.

गटानं काय करावं

तेराव्यापर्यंत दारात माणसं मावत नाहीत. चौदाव्या दिवशी अंगण ओस पडतं. खरी गरज तिथून पुढे असते. म्हणून गटानं पाळी लावावी. आठवड्यातून एकदा एकीनं जायचं, निदान वर्षभर. गेल्यावर मोठं काही करायचं नाही. लसूण सोलत बसा, शेंगा फोडा, पाणी भरून द्या.

काय बोलू नये ते सांगते. “देवाची इच्छा.” “त्याचं तेवढंच आयुष्य होतं.” “दुसरं मूल होईल.” “लेकरांकडे बघून खंबीर राहा.” “अमकीचं तर दोन्ही गेले.” ही वाक्यं आपण मायेनंच बोलतो, पण ऐकणारीला त्यातून “आता रडू नकोस” एवढंच ऐकू येतं.

मग काय बोलावं? “मी आले आहे.” “मला काय बोलावं सुचत नाही, पण मी बसते.” आणि गेलेल्याचं नाव घ्या. “तुमचा मुलगा किती गोड हसायचा, मला आठवतंय.” लोक आठवण काढायला घाबरतात, तिला दुखेल म्हणून. ती तर तशीही क्षणभर विसरलेली नसते. नाव घेतलं की तिला कळतं, गावही त्याला विसरलेलं नाही.

याशिवाय हाताचं काम असतं. तलाठ्याकडे, बँकेत, तहसीलला तिच्यासोबत एकीनं जावं. वारसनोंद, पेन्शनचा अर्ज, मुलांच्या फीचा कागद अडला असेल तर बघावं. तिचा हप्ता थकला तर चारचौघींत बोलू नये, बैठकीत ठराव करून सवलत द्यावी. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं पहिलं बोलावणं तिला द्यावं.

दवाखाना कधी गाठायचा

वर्ष उलटून गेलं तरी दुःख तसंच आहे, घरचं काम, मजुरी, मुलांकडे बघणं होत नाही. किंवा वर्ष झालेलं नसलं तरी बाई जेवत नाही, झोपत नाही, अंगाला पाणी लावत नाही, अशा वेळी मदत घ्यायला हवी. आशाताईशी बोला, प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग असतो. तिथं गेलं म्हणून कुणी वेडं ठरत नाही.

‘टेली-मानस’ ही सरकारी फोन सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर आहे १४४१६. दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. हा नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

उपचार म्हणजे काय होतं? मुख्यतः बोलणं. अमेरिकेत कॅथरीन शीअर या डॉक्टरांनी या दुःखासाठी सोळा बैठकांची एक पद्धत तयार केली आणि तिचा चांगला उपयोग होतो असं अभ्यासांत दिसलं. त्यात घडलेलं हळूहळू सांगणं, टाळलेल्या जागांकडे जाणं, गेलेल्या माणसाशी मनातलं बोलणं, आणि पुढच्या आयुष्यात काय हवं ते शोधणं असतं. ऐकून तुमच्या लक्षात आलं असेल, शेंगा फोडत बसणाऱ्या त्या बाईनं न शिकता यातलं बरंचसं केलं होतं. सोबत उदासीचा आजार असेल तर डॉक्टर गोळ्याही देतात. त्या मनानं बंद करायच्या नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एखादी म्हणाली, “मलाही त्याच्याकडे जायचंय,” तर बोलण्याची रीत म्हणून सोडून देऊ नका. सरळ विचारा, “तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?” विचारल्यानं असा विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. ती हो म्हणाली तर तिला एकटी सोडू नका. फवारणीचं औषध, उंदराचं औषध, गोळ्यांच्या पट्ट्या घरातून हलवा. १४४१६ ला फोन लावा, आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. जीव द्यायचा प्रयत्न झाला असेल तर पोलिसांच्या भीतीनं दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार असं माणूस तीव्र ताणाखाली होतं असंच धरलं जातं आणि त्याला शिक्षा होत नाही. त्याची काळजी घेणं हे सरकारचं काम आहे.

काकू आज

२००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा लातूरकडच्या महिला मंडळांतल्या काही बाया तिकडच्या बायांना भेटायला गेल्या होत्या. भाषा वेगळी होती, तरी जाऊन बसल्या. काकू गेली नाही. एवढ्या लांब जायचा तिला धीर झाला नाही. पण ट्रंकेतले कपडे तिनं त्या वर्षी पहिल्यांदा बाहेरच ठेवले. मुलाचा सदरा फोटोच्या खणात ठेवला आणि मुलीचा फ्रॉक मला दिला.

आता ती सत्तरीकडे झुकली आहे. घरात झोपते, पण दाराजवळ, आणि दाराला कडी लावत नाही. अनंत चतुर्दशीची रात्र तिला अजून लागते. त्या रात्री गल्लीतल्या चार-पाच जणी तिच्या अंगणात जागायला येतात. चहा होतो. कुणी ना कुणी लेकरांचा विषय काढतंच. मग काकू पोरीचे हट्ट सांगते, माझ्याशी पाटीवरून झालेली भांडणं सांगते. मध्येच हसते. पहाटे चारच्या सुमारास सगळ्या गप्प होतात. थोड्या वेळानं कुणीतरी उठून सडा घालायला लागते.

तुमच्या गल्लीत अशी रात्र कुणाची आहे, ते माहीत करून घ्या.

गटात बोलण्यासाठी

१. गेल्या वर्षभरात आपल्या गावात कुणाच्या घरी अचानक मरण आलं? तेराव्यानंतर आपल्यापैकी कोण त्यांच्याकडे गेलं?

२. आपण सांत्वन करताना नेहमी कोणती वाक्यं बोलतो? त्याऐवजी काय बोलता येईल?

३. विधवा बाईला आपल्या गावात कोणकोणत्या कार्यक्रमांतून वगळलं जातं? यंदा त्यातला कोणता रिवाज आपला गट मोडू शकेल?

४. १४४१६ हा नंबर, आशाताईंचा नंबर आणि जवळच्या दवाखान्याचा नंबर प्रत्येकीकडे आहे का?